उन्हाची टोपी शिवतेय: शेमाग, साफा, टागेलमुस्त... कुणी वापरलंय का?

शिलाईमशीन

नमस्कार मंडळी, तीन वर्षं नुसती वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी इंदूरची, रामबागेत राहते, घरीच शिवणकाम करते, ब्लाउज, फॉल-पिको, लहान मुलींची परकर-पोलकी. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायला अजून आठवडा आहे आणि दुपारी गच्चीवर आत्ताच पाय टेकवत नाही.

तर झालं असं, माझी भाची शेतकीचं शिकतेय, तिला रोज भर उन्हात उन्हाळी मुगाच्या प्लॉटवर उभं राहून मोजमापं घ्यायची असतात. तिनं ऑनलाइन एक हुडवालं जॅकेट मागवलं, सन हुडी म्हणतात म्हणे, तेवीसशे रुपये, टॅगवर यूपीएफ ५०+. दोन दिवस घातलं नि तिसऱ्या दिवशी माझ्या मशीनवर आणून आपटलं, मावशी यात मी उकडून निघतेय, तूच काहीतरी शिव. मी हातात घेऊन उलटंपालटं केलं, शिलाई झकास आहे, खोटं कशाला बोलू, पण सगळं अंगाला चिकटून, आणि हुड तर टाळूला असा घट्ट बसतो जसा पिशवीत नारळ. वारा शिरायला जागाच नाही.

आणि मला एकदम ते मेंढ्यांवाले आठवले. दरवर्षी मारवाडातून शेकडो मेंढ्या घेऊन माळव्यात उतरतात ना, बायपासच्या कडेनं चालताना दिसतात, डोक्यावर लालभडक भलामोठा साफा, भर दुपारी बारा वाजता. लहानपणी आईला विचारायचे, एवढं ओझं डोक्यावर घेऊन यांना गरम नाही का होत? आई म्हणायची, त्यांनाच विचार. कधी विचारलं नाही.

मग गेले चार दिवस रात्री काम आटपलं की मोबाइलवर हेच बघत बसते. सहारातले तुआरेग पुरुष टागेलमुस्त बांधतात, कित्येक मीटर लांब कापड, निळीत रंगवलेलं, तो रंग कातडीला लागतो म्हणून त्यांना निळी माणसं म्हणतात. त्यांच्यात तोंड पुरुष झाकतात, बायका नाही, हे वाचून तर फार मजा वाटली. अरबांचा कुफिया नाहीतर शेमाग म्हणजे चौकोनी कापड, तिरपी घडी घालून डोक्यावर आणि वरून काळी दोरीची कडी, अगाल. ही अगाल बघितली आणि मी मनात म्हटलं, ही तर आपली चुंबळ! घागरीऐवजी हिच्याखाली कापड आहे एवढंच.

आणि एक गोष्ट फक्त शिवणाऱ्यालाच दिसेल. चौकोन तिरपा दुमडला की कपाळावर येणारी घडी उरेबात, म्हणजे धाग्यांना तिरपी, येते. उरेब कापड ताणलं जातं, कपाळाच्या गोलाईवर आपोआप बसतं, टकस नको नि इलास्टिक नको. हजारो वर्षं कुणी शिवणक्लास न लावता हे करतायत.

तर प्रश्न असे. हे कुणी प्रत्यक्ष वापरलंय का, सलग दिवसभर? कापड कुठलं घेऊ, मलमल, रुबिया, की खादी? पांढरं की गडद? आणि ते यूपीएफ प्रकरण नेमकं काय असतं, घरच्या कापडाला ते असतं का?

खमंग_शेव

वा ताई, पहिल्याच धाग्यात षटकार. वाचतोय. (रामबागेत कुठं? आमचं आजोळ तिथलंच.)

मस्कतरिटर्न

मी बावीस वर्षं आखातात काढली, आधी कुवेत मग मस्कत, साइट सुपरवायझर होतो, त्यामुळे बोलायचा हक्क आहे असं समजतो.

पहिल्या उन्हाळ्यात मी क्रिकेटची टोपी घालून फिरायचो. चौथ्या दिवशी मानेची सालं निघाली आणि कान असे झाले की उशीवर टेकवता येईनात. आमच्या फोरमननं, इजिप्तचा होता, काही न बोलता स्वतःचा शेमाग काढून माझ्या डोक्याला बांधला. फरक पाच मिनिटांत कळला. गार वगैरे नाही वाटत, तो गैरसमज आधी काढा. चाळीसच्या वर पारा असला की वारा अंगाला लागतो तोच मुळी भट्टीसारखा, तो वारा आणि वरचं ऊन थेट कातडीवर येत नाही हाच फायदा. आणि नाकावरून घेतलं की श्वासातला ओलावा आत राहतो, घसा कोरडा पडत नाही.

कापडाबद्दल: तिकडे उन्हाळ्यात घुत्रा, म्हणजे तसंच पण पांढरं पातळ चौकोनी कापड, घालतात, लाल-पांढऱ्या चौकड्यांचा शेमाग जाड असतो तो थंडीत जास्त दिसतो. ओमानी लोकांचं निराळं, आत कुम्मा नावाची भरतकामाची टोपी, समारंभाला तिच्यावर मुसर गुंडाळतात. कुम्म्याला बारीक बारीक भोकं असतात, भरतकाम त्यांच्याभोवतीच केलेलं असतं. डिझाइन म्हणून छान दिसतं आणि वारंही जातं.

पण ताई एक सांगतो, कापडानं सगळं होत नाही. ओमानमध्ये जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करायला कायद्यानंच बंदी आहे. ज्यांच्या बापजाद्यांनी शेमाग बांधला तेच दुपारी घरात बसतात! भाचीला सांगा प्लॉट सकाळी सहाला मोज.

शिलाईमशीन

@मस्कतरिटर्न काका, सहालाच जाते हो, पण एकेका प्लॉटला इतका वेळ लागतो की बारा वाजतातच. कुम्म्याच्या भोकांचं डोक्यात ठेवलंय.

ताणाबाणा

आमचे वडील हुकुमचंद मिलमध्ये विणाई खात्यात होते, १९९१ ला मिल बंद पडली तेव्हा मी टेक्स्टाइलच्या शेवटच्या वर्षाला होतो. कापड हा आमच्या घरचा दुखरा आणि आवडता विषय, त्यामुळे लांबण लागेल, कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर जा.

यूपीएफ म्हणजे कापडातून अतिनील किरण किती आत येतात त्याचा हिशेब. ५० म्हणजे पन्नासातला एक भाग आत, म्हणजे २ टक्के. १५ म्हणजे साडेसहा-सात टक्के. कपड्यांसाठी याचं पहिलं मानक ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडनं १९९६ मध्ये काढलं, तिथं त्वचेच्या कॅन्सरचं प्रमाण भयंकर आहे म्हणून. आपला नेहमीचा पातळ पांढरा सुती टीशर्ट ५ ते ७ च्या घरात येतो, आणि घामानं ओला झाला की आणखी उतरतो.

कशावर ठरतं? सगळ्यात आधी विणीवर. कापड उजेडाकडे धरा, भोकांतून जेवढा उजेड दिसतो तेवढं ऊन सरळ आत येणार, त्याला कुठलाच रंग अडवत नाही. मग जाडी, मग रंग, गडद रंग जास्त किरण शोषतो. धाग्याचा प्रकारही आहेच, पॉलिस्टर मुळातच अतिनील किरण बऱ्यापैकी शोषतं, म्हणून कंपन्यांना ते सोयीचं. सुतात ब्लीच केलेल्या पांढऱ्यापेक्षा कोरं मळकट पिवळं कापड बरं, कापसाचे मूळचे रंगद्रव्य त्यात शिल्लक असतात. आणि ताण! कापड अंगावर ताणलं की वीण उघडते. टॅगवरचा आकडा साधारणपणे न ताणलेल्या, कोरड्या कापडाचा असतो, गुडघ्यावर कोपरावर तो राहील याची हमी नाही.

आता पांढरं की काळं. यावर १९८० साली नेचर मासिकात चार शास्त्रज्ञांचा एक सुंदर छोटा लेख आला होता, बेदुइन लोक वाळवंटात काळे अंगरखे का घालतात? त्यांनी नेगेवच्या वाळवंटात एका माणसाला दुपारच्या उन्हात उभं केलं, ३५ ते ४६ अंश तापमानात, कधी काळा अंगरखा, कधी पांढरा, कधी फौजी कपडे, कधी नुसती अर्धी चड्डी. काळा अंगरखा पांढऱ्यापेक्षा खूप जास्त तापला, पण अंगापर्यंत पोचलेली उष्णता दोन्हीत सारखीच! सैल अंगरख्याच्या आत हवा खेळत होती, जास्तीची उष्णता ती मधल्यामध्येच घेऊन गेली.

म्हणजे ताई, तुम्हाला बायपासवर पडलेल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे. कापड आणि कातडी यांच्यामधली हवा हाच खरा माल. तुमच्या भाचीच्या हुडीत किरण अडवायची सोय भरपूर आहे, हवेची नाही. आणि हवा नाही म्हणजे घाम वाळत नाही, एक ग्रॅम घाम वाळताना जवळजवळ अडीच किलोज्यूल उष्णता घेऊन जातो, तो नुसता ओघळून टपकला तर काहीच नेत नाही.

खमंग_शेव

अडीच किलोज्यूल!! मी आज दुपारी सराफ्यापर्यंत चालत गेलो, किती झाले असतील तेवढे मोजून द्या कुणीतरी.

मुरारवाला

ग्वाल्हेरहून हजेरी. आमच्याकडे तोंडाला साफी (गमछा हो) गुंडाळून बँकेत शिरलं की अजूनही गार्ड दोनदा बघतो, चंबळची कृपा. 😄

गंमत सोडा. टोपीच्या मागं मानेवर जो पडदा असतो ना, हल्ली ट्रेकिंगच्या टोप्यांना लावतात तो, त्याला इंग्रजीत हॅवलॉक म्हणतात. हा तोच जनरल हॅवलॉक ज्यानं जुलै १८५७ मध्ये अलाहाबादहून कानपुरावर चाल केली आणि नानासाहेब पेशव्यांच्या फौजेला हरवलं. ऐन उन्हापावसाळ्यातली चाल, त्याचे कितीतरी गोरे शिपाई गोळीपेक्षा ऊन लागून मेले. टोपीवरच्या पांढऱ्या कापडाला नाव त्याचं चिकटलं. पुढं १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली तेव्हा तिथल्या बायकांनी घरोघरी असे हॅवलॉक शिवून शिपायांना पाठवले. शिपायांनी त्याचं काय केलं असेल? कॉफी गाळली. बंदुका पुसल्या. कारण ते डोक्याला लपेटून बसायचे आणि वारा कोंडायचा.

ताणाबाणा म्हणतायत तेच. ज्यांनी वाळवंटाची नक्कल केली त्यांनी कापड घेतलं, हवा विसरले. तेवीसशेची हुडी काय वेगळं करतेय?

(अवांतर: आमची शिंदेशाही पगडी उन्हासाठी कितपत होती देव जाणे, मिरवायला मात्र एक नंबर.)

बडोद्याचा_बंडू

शिंदेशाही काय नि गायकवाडी काय, तयार पगड्या त्या, घरी आलं की खुंटीला. साफ्याची गोष्ट वेगळी, तो रोज नव्यानं बांधायचा आणि रोज सोडायचा. सोडला की नऊ-दहा वार कापड हातात. विहिरीवर दोरी कमी पडली तर साफा, उशाला साफा, पाणी गाळायला साफा. (मुरारवाला, इथेही गाळणं आलंच, पण तेवढ्यासाठी मारवाड्यानं डोकं उघडं टाकलं नाही.)

कच्छात मालधारी, म्हणजे गुरं पाळणारे लोक, अजरख हे ठशांनी छापलेलं कापड वापरत आलेत, डोक्याला तेच, खांद्यावर तेच, कमरेला तेच. निळीचा गडद निळा आणि मंजिष्ठेचा लाल. २००१ च्या भूकंपानंतर कारागिरांनी अजरखपूर नावाचं नवीन गाव वसवलं तिथं मी दोनदा जाऊन आलोय. तिथून आणलेला एक जुना तुकडा आहे घरी, उन्हाळ्यात बायको गाडीवर तोच घेते. तर ताई माझं मत, निळीतलं गडद कापड घ्या, तुआरेगांनाही तेच सुचलं आणि कच्छींनाही.

दादरची_सून

सगळं मान्य पण मुंबईत हे करून बघा! मी माहेरी इंदूरला आले की मे महिन्यात ओढणी गुंडाळून मस्त फिरते, रात्री तर काय, गच्चीवर गार वारा, माळव्याची रात्र ती. तीच ओढणी तशीच गुंडाळून दादर स्टेशनला उतरले की दहा मिनिटांत डोकं भिजलेल्या पंचासारखं. घाम वाळतच नाही हो इथं. त्यामुळे ताई, जुलैत भाचीला हीच टोपी देऊ नका.

ताणाबाणा

@दादरची_सून, शंभर टक्के. हे कोरड्या हवेचं शास्त्र आहे. मस्कतमध्येही दमट दिवसात त्रास होतच असणार, काका सांगतील.

मस्कतरिटर्न

ऑगस्टमध्ये मस्कतला चष्म्यावर वाफ धरते, साफ्याचं काय घेऊन बसलात.

माझे_मत

एक बावळट प्रश्न. पांढऱ्या कपड्यांना घालतो ती नीळ मारली मलमलीला तर चालेल का? निळी माणसं फेम?

ताणाबाणा

बावळट नाही, पण चालणार नाही. धुण्यातली नीळ म्हणजे नुसती हलकी छटा, पिवळटपणा लपवायला. अजरखची नीळ झाडापासूनची, ती थरावर थर देऊन धाग्यात मुरवतात. मात्र एक गंमत सांगतो. बऱ्याच धुण्याच्या पावडरींत उजळपणा आणणारं एक रसायन असतं, ते अतिनील किरण गिळतं आणि निळसर उजेड बाहेर टाकतं, दुकानातल्या नोटा तपासायच्या दिव्याखाली धुतलेला शर्ट धरा, कसा चमकतो बघा. त्यानं यूपीएफ थोडा वाढतोसुद्धा. पण झिरमिरीत मलमल ती झिरमिरीतच, भोकं काही बुजत नाहीत.

शिलाईमशीन

मंडळी, आठ दिवस गायब होते कारण प्रयोग चालू होता आणि लग्नसराईचे ब्लाउजही. सगळं सांगते, फजितीसकट.

आधी मणी. भाचीनं ते ऊन लागलं की जांभळे होणारे प्लास्टिकचे मणी मागवले, लहान मुलांच्या ब्रेसलेटचे. गच्चीवर पाटावर ओळीनं मांडले, प्रत्येकावर वेगळं कापड, चारी बाजूंनी टाचण्या. पांढऱ्या मलमलीखालचे उघड्यावरच्यांइतकेच जांभळे, बघताबघता. मलमल दुहेरी केल्यावर जरा फिके. रुबिया मधली. गडद निळी खादी, जाडसर, तिच्याखाली जेमतेम गुलाबी झाक. आणि ती तेवीसशेची हुडी! नुसती ठेवली तेव्हा मणी पांढरेशुभ्र, वाटीवर ताणून बसवली तर फिकट जांभळे. ताणाबाणाजी तुम्ही म्हणाला होतात तस्संच.

आता टोपी नंबर एक. मला वाटलं शहाणपणा करू, ४४ इंच पन्हा, चौकोन तिरपा कापला की दोन त्रिकोण, एका कापडात दोन टोप्या. कापला. आणि मशीनवर घेतला तर कापलेली कड उरेबात, टीप मारता मारता लाटेसारखी झाली, कपाळावर शेवटी अशी झालर आली की भाची म्हणे मावशी हे बारशाचं कुंचडं आहे. वीस वर्षं शिवतेय आणि ही चूक! अरबांनी चौकोन कापला नाही, दुमडला. दुमडला म्हणजे घडीला सुटी कड नाही, लाट येणार नाही, आणि डोक्यावर आपोआप दोन थर. काटकसर करायला गेले नि मूळ गोष्टच कापून टाकली.

नंबर दोन, न कापता दुमडून, आत सुती कापडाची गुंडाळून केलेली बारीक चुंबळ टाचली, म्हणजे अगाल आतून. टाळू आणि कापड यांच्यात दोन बोटं जागा. वर कुम्म्यासारखी काजाच्या टाक्याची आठ भोकं, पण ती बाहेरच्या नाही, फक्त आतल्या थराला, नाहीतर ऊन सरळ टाळूवर. ही छान झाली. इतकी छान की भाची ती घालून तशीच स्कूटीवर निघाली, आणि पलासियाच्या अलीकडे मागचं टोक वाऱ्यानं उलटून सरळ डोळ्यांवर. कशीबशी कडेला घेतली. घरी आली तेव्हा पांढरीफटक, मी तर हातातली कात्री खाली ठेवली.

मुरारवाला

बापरे. ताई हेल्मेट?

शिलाईमशीन

डिकीत होतं. त्यावरून घरात जे काही व्हायचं ते होऊन गेलंय, परत नको.

राऊवाली

हेल्मेटच्या आत जाड कापड गुंडाळू नका कुणी, हेल्मेट सैल बसतं आणि पडल्यावर सरकतं. माझ्या भावाचं झालंय, टाके पडले. गाडीवर वेगळी वस्तू हवी, शेतात वेगळी.

बडोद्याचा_बंडू

+१. आणि सुटं टोक कधीच मागे मोकळं ठेवायचं नाही. बायको अजरख हनुवटीखालून घेऊन दुसऱ्या कानामागं खोचते, पदर खोचतो तसा.

ताणाबाणा

टागेलमुस्तचंही शेवटचं टोक तोंडावरून घेऊन खोचतातच. आणि मण्यांवरून आकडा काढू नका हं ताई, कुठलं कापड कुणापेक्षा बरं एवढंच त्यातून कळतं.

अजून एक मुद्दा राहिला होता. नुसत्या रुंद काठाच्या टोपीनं भागेल असं कुणाला वाटत असेल तर, कोरडी वाळू १५ टक्क्यांच्या आसपास अतिनील किरण खालून परत फेकते. काठ वरून झाकतो, खालून नाही. म्हणून वाळवंटातला माणूस नाकापर्यंत झाकून घेतो. शेतात माती नि गवत त्यापेक्षा बरंच कमी फेकतं, तिथं भाचीनं तोंड मोकळं ठेवलं तरी चालेल, मान आणि कान मात्र नाही.

शिलाईमशीन

ठरलं मग. गाडीसाठी नुसती मानेची पट्टी करतेय, हेल्मेटच्या खाली, समोर दोन टिचबटणं. शेतासाठी नंबर तीन: गडद निळी खादी, चौकोन दुमडलेला, आत चुंबळ, आणि डाव्या टोकाला एक छोटी खोळ शिवलीय, उजवं टोक हनुवटीखालून येऊन त्यात खोचायचं. हे खोचणं बंडूभाऊंच्या घरच्यांचं, त्यांना सांगा.

भाचीनं काल सकाळी सहा ते साडेबारा घातली. म्हणाली डोकं भिजतं पण लगेच वाळतं, मान शाबूत, कान शाबूत. कपाळावर चुंबळीची खूण उमटली एवढीच तक्रार. आणि तिथं निंदायला येणाऱ्या दोन बायकांनी ती डोक्यावर घालून बघितली, त्यांच्याकडे साडीचा पदर आणि वर टॉवेल असतो. त्यातली एक म्हणाली, छान आहे, पण मी यात भाकरी कशी बांधू?

मस्कतरिटर्न

हा हा हा! बरोबर बोलली. टोपी ती टोपीच.

मुरारवाला

आणि चहाही गाळता येणार नाही.

खमंग_शेव

ताई किंमत काय ठेवणार? मातोश्रींना रोज सकाळी बागेत जायचं असतं, दोन घेईन. एक फिक्या रंगाची चालेल.

शिलाईमशीन

अहो किंमत कसली, अजून निंदणाऱ्या बाईचा प्रश्न सुटला नाहीये. खोळ आणि चुंबळ दोन्ही टिचबटणांनी सुटे केले तर उघडून परत साधा चौकोन होतो का ते बघतेय, म्हणजे भाकरीही बांधता येईल. चुंबळीत आधी फोम भरून पाहिला होता, दोन दिवसांत घामाचा वास मारायला लागला, आता सुताची जाड दोरी हवी. उद्या क्लॉथ मार्केटला जातेय, सकाळीच.